ओळीनं मांडलेलं तांबं : पवईच्या ‘समीर’ची वाटचाल

१९७७ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ‘स्पेशल मायक्रोवेव्ह प्रॉडक्ट्स युनिट’ नावाचा एक विभाग सुरू झाला. सात वर्षांनी, १९८४ मध्ये, या विभागातूनच एक स्वायत्त संस्था उभी राहिली. तिचं नाव ‘सोसायटी फॉर अप्लाइड मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग अँड रिसर्च’. आपण सगळे तिला ‘समीर’ म्हणतो. कुलाब्याच्या समुद्रकाठावरून हे काम उपनगरात, पवईच्या आयआयटीच्या आवारात, डोंगराच्या बाजूला आलं आणि तिथेच रुजलं.

त्या काळाची पार्श्वभूमी आजच्या तरुण वाचकाला सांगायला हवी. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली गेली आणि १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. देशाला लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं देशातच बनली पाहिजेत, ही त्या अहवालाची दिशा. १९७० मध्ये केंद्र सरकारनं इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन केला, १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग आला, आणि आयोगाचे अध्यक्ष झाले प्रा. एम. जी. के. मेनन. तेव्हा ते टीआयएफआरचे संचालकही होते. धोरण ठरवणारा माणूस आणि प्रयोगशाळा चालवणारा माणूस एकच असल्यामुळे टीआयएफआरमधलं ज्ञान उत्पादनाकडे वळवण्याची कल्पना कागदावर राहिली नाही. रडार, दळणवळण, कणत्वरक अशा सगळ्यांना मायक्रोवेव्हचे भाग लागत होते. ते परदेशातून आणायचे तर परकीय चलन लागे, आणि संरक्षणाशी संबंध आला की चलन असूनही परवाना मिळेलच याची खात्री नसे. मायक्रोवेव्हसाठी वेगळा विभाग काढण्यामागे ही निकड होती.

पवई ही जागाही सोयीची ठरली. आयआयटी तिथे १९५८ पासून होती. अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठीचं खास क्षेत्र, सुरू झालं होतं. विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या पट्ट्यात यंत्रकामाचे कारखाने होते. मायक्रोवेव्हचं काम निम्मं गणिताचं आणि निम्मं लेथ, मिलिंग आणि ब्रेझिंगचं असतं. ही दोन्ही निम्मी उपनगरातल्या एकाच पट्ट्यात हाताशी होती.

‘समीर’ नेमकं काय करते, असं कुणी विचारलं की उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. वातावरणाचं रडार, कर्करोगावरचं किरणोपचार यंत्र, अँटेना, विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या चाचण्या, देशी बनावटीच्या एमआरआयचा राष्ट्रीय प्रकल्प. यादी ऐकून वाटतं, की जे काम आलं ते घेतलं. मला मात्र या कामांत एक ठसठशीत सूत्र दिसतं. धातूचे सारखे तुकडे ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा मांडायचे आणि त्या मांडणीकडून लहरींना शिस्त लावून घ्यायची. एकटा तुकडा सामान्य असतो, काम करते ती ओळ. हा इतिहास मी त्या ओळीच्या अंगानंच सांगणार आहे, कारण उपग्रह दळणवळणात लहरी गाळणारे जे आवर्ती पृष्ठभाग आज इतके महत्त्वाचे झाले आहेत, त्यांच्यापर्यंतची वाट त्याच अंगानं जाते.

पहिली मोठी ओळ मांडली गेली ती मुंबईपासून फार दूर, आंध्र प्रदेशात तिरुपतीजवळच्या गादंकी गावात. जमिनीपासून वरच्या वातावरणापर्यंत हवा कशी वाहते हे सतत पाहणारं एमएसटी रडार देशाला हवं होतं. अनेक सरकारी खात्यांनी मिळून त्याला पैसा दिला आणि रडारचं आराखड्यापासून उभारणीपर्यंतचं काम ‘समीर’कडे आलं. ५३ मेगाहर्ट्झ ही त्याची वारंवारता. म्हणजे लहर साडेपाच मीटरांहून थोडी लांब. मायक्रोवेव्हवाल्यांच्या दृष्टीनं ही अवाढव्य लहर. तिच्यासाठी सुमारे १३० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद मैदानात १०२४ यागी अँटेना उभ्या केल्या, ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२. सगळे प्रक्षेपक मिळून शिखर शक्ती अडीच मेगावॉट. १९९३ पासून रडार पूर्ण क्षमतेनं चालू लागलं.

दोन अँटेनांमधलं अंतर किती ठेवायचं, हा इथला कळीचा प्रश्न. ते ठेवलं लहरीच्या लांबीच्या ०.७ पट, म्हणजे जवळजवळ चार मीटर. कमी का नाही? कमी ठेवलं तर तेवढंच मैदान भरायला जास्त अँटेना लागतात आणि खर्च वाढतो. जास्त का नाही? सारख्या अंतरावर मांडलेल्या वस्तूंचं अंतर लहरीच्या तुलनेत वाढू लागलं, की मुख्य झोताखेरीज भलत्याच दिशेला तेवढाच जोरदार दुसरा झोत फुटतो. रडारचा झोत डोक्यावरच्या बिंदूपासून २० अंश कलवायचा असेल तर गणित सांगतं, की अंतर लहरीच्या साधारण ०.७४ पटीच्या आत हवं. ०.७ हा आकडा त्या मर्यादेच्या अगदी आतल्या बाजूला बसतो. पैसा आणि भौतिकशास्त्र दोघांचं ऐकून काढलेला हा आकडा मला फार आवडतो. त्यात अभियंत्याचं सगळं शहाणपण आहे. पुढे याच अनुभवातून वाऱ्याची उंचीनुसार मोजणी करणारी रडारं आली. त्यांतलं ४०४ मेगाहर्ट्झचं एक पुण्याला भारतीय हवामान खात्याकडे बसलं.

दुसरी ओळ डोळ्यांना दिसत नाही, कारण ती तांब्याच्या नळीच्या आत असते. किरणोपचाराच्या रेषीय त्वरकात, ज्याला डॉक्टर मंडळी नुसतं ‘लिनॅक’ म्हणतात, इलेक्ट्रॉनांना वेग देणारी नळी ही तांब्याच्या पोकळ्यांची रांग असते. वारंवारता सुमारे ३००० मेगाहर्ट्झ, लहर १० सेंटिमीटर. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचला की लहरीच्या निम्म्या लांबीवर, म्हणजे पाच सेंटिमीटरांवर, त्याला पुढचा रेटा मिळायला हवा. सुरुवातीला त्याचा वेग कमी असतो, म्हणून पहिल्या पोकळ्या आखूड ठेवतात. हातभर लांबीच्या या नळीतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. पोकळीच्या मापात काही मायक्रॉनांची चूक झाली की ती सुरात लागत नाही. तापमान एक अंशानं वाढलं तरी तांबं प्रसरण पावून वारंवारता ५० किलोहर्ट्झनं खाली सरकते, म्हणून पाणी खेळवून ती स्थिर ठेवावी लागते.

चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेबरोबर आणि तिथल्या पीजीआय रुग्णालयाबरोबर ‘समीर’नं पहिलं देशी यंत्र १९९० च्या सुमारास उभं केलं. पुढच्या यंत्रांपैकी एक वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसलं. विदर्भातल्या रुग्णाला किरणोपचारासाठी मुंबईची गाडी पकडून परळला यायचं, धर्मशाळेत आठवडेच्या आठवडे काढायचे, हे काय असतं ते ज्या घरांनी पाहिलं आहे त्यांना या यंत्राचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या संस्थेच्या इतिहासातलं एकच पान निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

आता तिसरी ओळ, आणि या लेखाचा मुख्य विषय. इथे अँटेना मैदानातून एका पातळ फिल्मवर येतात, मिलिमीटरांत मोजल्या जातात आणि त्यांना वीजपुरवठ्याची एकही तार जोडलेली नसते.

या विद्येचे धागे भारतात फार मागे जातात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले. लहरीचं ध्रुवण तपासायला त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रक घेतलं आणि त्याच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला. सारख्या अंतरावर धातूचे थर! एका दिशेनं कंप पावणारी लहर आरपार आणि दुसऱ्या दिशेची अडलेली. परदेशी उपकरणाची वाट न पाहता टेबलावर असलेल्या पुस्तकातून त्यांनी आवर्ती रचना उभी केली.

पुढचं उदाहरण १९७५ चं. ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणीच्या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचवले गेले. खेड्यातली डिश तीन मीटर व्यासाची होती आणि तिचा पृष्ठभाग होता कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीचा. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३५ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला जाळीची बोटभर भोकं जाणवतच नाहीत, तिच्या लेखी तो अखंड पत्रा असतो. वारा मात्र आरपार जातो, डिश हलकी राहते आणि गावातल्या शाळेच्या छपरावर चढवता येते.

हीच युक्ती अतिशय उंच पातळीवर गेली ती नारायणगावजवळ खोडदला. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टीआयएफआरनं तिथे महाकाय मीटरतरंग दुर्बीण, जीएमआरटी, उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आणि प्रत्येक डिशवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी. मध्यभागी तिची घरं १० मिलिमीटरांची, बाहेर जाताना १५ आणि २०. जिथे अचूकता जास्त हवी तिथे बारीक आणि जिथे वाऱ्याचा जोर जास्त तिथे मोठी. आपलं मूळ युनिट आणि ही दुर्बीण एकाच संस्थेच्या अंगणातून निघाली. लहरीला काय दिसतं आणि काय दिसत नाही याचा विचार करायची सवय दोघांच्या अंगात तिथूनच आली असावी, असं मला वाटतं.

जाळी सगळ्या लांब लहरी अडवते आणि आखूड लहरी सोडते. उपग्रहाला एवढ्यावर भागत नाही. त्याला हवा असतो निवडक पृष्ठभाग, एक ठरावीक पट्टा परतवणारा आणि दुसरा आरपार सोडणारा. याला वारंवारता-निवडक पृष्ठभाग म्हणतात. अभियंते बोलताना ‘एफएसएस’ म्हणतात.

तो का लागतो? उपग्रहावर जागा आणि वजन दोन्ही मोजून मिळतं. मोठी परावर्तक डिश एकच नेता येते, पण काम दोन-तीन पट्ट्यांत करायचं असतं आणि प्रत्येक पट्ट्याचा हॉर्न, म्हणजे फीड, वेगळा. सगळे हॉर्न डिशच्या एकाच केंद्रबिंदूवर ठेवता येत नाहीत. मग डिशसमोर एक लहान उपपरावर्तक असा बसवायचा, की एका पट्ट्याला तो आरसा वाटेल आणि दुसऱ्याला काच. एक हॉर्न त्याच्या मागे, दुसरा पुढे, आणि दोघांनाही वाटतं की डिश फक्त आपलीच आहे. ज्या १९७७ सालात कुलाब्याला आपलं युनिट सुरू झालं, त्याच साली अमेरिकेची व्हॉयेजर यानं झेपावली. त्यांच्या ३.७ मीटरच्या डिशसमोर असाच उपपरावर्तक होता. त्यावर धातूचे लहान लहान क्रॉस ओळीनं मांडलेले. ८.४ गिगाहर्ट्झचा एक्स पट्टा त्यावरून परतायचा आणि २.३ गिगाहर्ट्झचा एस पट्टा आरपार जायचा. गुरू आणि शनीची जी छायाचित्रं जगानं पाहिली, ती या क्रॉसांच्या ओळींवरून परावर्तित होऊन आली. वीस वर्षांनी, १९९७ मध्ये निघालेल्या कॅसिनी यानाच्या चार मीटरच्या डिशवर एस, एक्स, केयू आणि केए असे चार पट्टे एकत्र नांदले, तेही अशाच पृष्ठभागाच्या जोरावर.

आत घडतं ते असं. पातळ फिल्मवर तांब्याची एक कडी आहे. तिच्यावर लहर आली की तांब्यातले इलेक्ट्रॉन हलू लागतात. कडीचा परीघ लहरीच्या लांबीएवढा असेल तर ती अनुनादात येते, प्रवाह भरपूर वाढतो आणि कडी स्वतःच लहर फेकू लागते. पुढच्या दिशेला ही नवी लहर मूळ लहरीच्या बरोब्बर उलट असते, त्यामुळे दोघी एकमेकींना मारतात. मागच्या दिशेला मात्र ती एकटीच उरते आणि आपल्याला परावर्तन दिसतं. दुसऱ्या वारंवारतेला कडी थंड बसून राहते, लहर आरपार जाते. आता उलटा खेळ करा. अखंड तांब्यात कडीच्या आकाराची चीर काढा. जी वारंवारता आधी अडत होती ती आता जाते आणि बाकीच्या अडतात. आकृती तीच, तांबं आणि रिकामी जागा यांची अदलाबदल.

मापं पाहिली की हे काम किती नाजूक आहे ते समजतं. चार गिगाहर्ट्झच्या सी पट्ट्यासाठी कडीचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर. १२ गिगाहर्ट्झच्या केयू पट्ट्यासाठी आठ मिलिमीटर. ३० गिगाहर्ट्झच्या केए पट्ट्याला तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त. तिथे व्यासात तीन शतांश मिलिमीटरांची चूक झाली तर अनुनाद ३०० मेगाहर्ट्झनं सरकतो, म्हणजे उपग्रहाच्या कितीतरी वाहिन्यांएवढी जागा हातची गेली. शिवाय कडी हवेत तरंगत नसते, ती कशावर तरी चिकटलेली असते, आणि तो आधारही वारंवारता खाली ओढतो. सर्किट बोर्डाच्या साध्या हिरव्या एफआर-४ फळीची विद्युत पारगम्यता साडेचारच्या आसपास. फळी जाड असेल तर अनुनाद मूळच्या साठ टक्क्यांवर येऊ शकतो. विद्यार्थी नेमके इथे फसतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या दोन फळ्यांची पारगम्यता एकसारखी असेलच असं नाही, आणि वरच्या वारंवारतांना ही फळी ऊर्जा पिऊन टाकते. अवकाशात जाणारी वस्तू म्हणूनच कॅप्टॉनसारख्या पातळ फिल्मवर तांबं कोरून, हलक्या मधपोळ्याच्या रचनेच्या गाभ्यावर चिकटवून करतात. अर्धा डेसिबल हानी ऐकायला किरकोळ वाटते, पण ती म्हणजे अकरा टक्के शक्ती. सौर पॅनेलांतून जमवलेली शक्ती अशी फिल्म तापवण्यात घालवणं उपग्रहाला परवडत नाही.

कड्यांमधलं अंतर ठरवताना गादंकीचाच नियम पुन्हा भेटतो. अंतर मोठं झालं की भलत्या दिशेला झोत फुटतो. लहर तिरकी आली तर हा धोका आणखी लवकर येतो, आणि उपपरावर्तकावर ती तिरकीच येते. हॉर्नमधून निघालेली लहर पसरत जाते, मध्यभागी सरळ पडते आणि कडेला ३० ते ४५ अंशांनी. मधल्या कड्या एका वारंवारतेला अनुनाद देतात आणि कडेच्या दुसऱ्या, असं चालणार नाही. त्यासाठी कड्या शक्य तितक्या लहान करून दाट बसवतात, आकार बदलून पाहतात, क्रॉस, चौकोनी कडी, तीन पायांचा तारा, कडीत कडी. एका थरानं पट्ट्याच्या कडेचा उतार पुरेसा तीव्र होत नसेल तर लहरीच्या पाव लांबीवर दुसरा थर ठेवतात. तसं केलं की पट्ट्याचा माथा सपाट होतो आणि कडा तीव्र होतात. पण थर वाढले की वजन आणि हानीही वाढते.

गणिताची एक मोठी सोय मात्र आवर्तनानंच करून दिली आहे. फ्रेंच गणिती फ्लोके यांनी १८८३ मध्ये आवर्ती समीकरणांबद्दल जो सिद्धांत मांडला, त्याच्या आधारानं एकाच घराचं गणित पुरतं. शेजारच्या घरात तेच घडतं, फक्त थोड्या उशिरानं. हजारो कड्यांचा पृष्ठभाग एका कडीच्या गणितात मावतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम केलेले प्रा. राज मित्रा यांनी चान आणि क्विक या सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये या पृष्ठभागांच्या विश्लेषणपद्धतींचा जो आढावा लिहिला, तो पुढच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासाला घेतला. लिनॅकच्या पोकळ्यांची रांग आणि रडारच्या मैदानाचा आतला भाग यांनाही हाच सिद्धांत लागू पडतो. एका खोलीत त्वरकाचं आणि दुसऱ्या खोलीत अँटेनांचं काम करणारी माणसं एकच समीकरण वेगवेगळ्या अक्षरांत लिहीत असतात.

गणित मात्र अनंत पृष्ठभागाचं असतं आणि हातातला तुकडा कुठेतरी संपतो. तिथून मोजमापाची कसोटी सुरू होते, आणि अशा संस्थेची खरी गरजही तिथेच लागते. निळ्या-काळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेल्या अॅनेकोइक चेंबरमध्ये दोन हॉर्न समोरासमोर ठेवायचे, मध्ये नमुना उभा करायचा, आधी नमुन्याशिवाय आणि मग नमुन्यासह नेटवर्क अॅनालायझरवर वक्र घ्यायचा. नमुना फिरवून प्रत्येक कोनाला पुन्हा. कडेवरून वळून येणारी लहर वाचन बिघडवते, म्हणून तुकडा पुरेसा मोठा हवा. ज्याला काम कळतं तो सुंदर वक्र आला की आधी खूश होत नाही, केबल पुन्हा आवळून तोच वक्र परत येतो का ते पाहतो. मायक्रोस्ट्रिप अँटेनांच्या कामातून ही शिस्त पवईत आधीच मुरलेली होती. तांब्याचे पॅच कोरायचे, शेजारी शेजारी ठेवून त्यांचा एकमेकांवरचा परिणाम मोजायचा. आयआयटीचे प्रा. गिरीश कुमार आणि ‘समीर’चे के. पी. रे यांनी मिळून लिहिलेलं विस्तृत पट्ट्याच्या मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर अभ्यासलं गेलं. एकाच आवारात दोन संस्था असण्याचं याहून चांगलं फळ मला माहीत नाही. पॅचला जोडणारी तार काढून टाका, तो शेकडो वेळा ओळीनं मांडा, की निवडक पृष्ठभागाच्या दारात तुम्ही उभे असता.

संस्था पवईपुरती राहिली नाही. १९८७ मध्ये चेन्नईला विद्युतचुंबकशास्त्राचं केंद्र निघालं, १९९४ मध्ये कोलकात्याला मिलिमीटर लहरींचं. बोसांच्या शहरात मिलिमीटर लहरींचं केंद्र यावं हे मनाला फार समाधान देणारं आहे. पुढे विशाखापट्टणम आणि गुवाहाटी जोडली गेली, आणि मुंबईच्या जवळ खारघरला दुसरं आवार आलं.

दरम्यान आकाशही भरत गेलं. १९८३ चा इन्सॅट-१बी उपग्रह सी आणि एस पट्ट्यांत काम करत होता. १९९५ च्या इन्सॅट-२सीनं केयू पट्टा आणला. २०१८ चा जवळजवळ पाच हजार नऊशे किलोंचा जीसॅट-११ केयू आणि केए दोन्ही वापरतो. पट्टे वाढले, पण डिशची संख्या त्या प्रमाणात वाढवता येत नाही. एकाच डिशवर अधिक पट्टे चढवण्याच्या या दाबामुळे निवडक पृष्ठभागांची गरज वाढते.

जमिनीवरची अडचण आपल्या गच्च्यांवरच दिसते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या इमारतींवर केबल नेटवर्कवाल्यांच्या मोठ्या सी पट्ट्याच्या डिश आहेत. त्या ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झमध्ये उपग्रहाचा अतिशय क्षीण सिग्नल ऐकतात. २०२२ च्या लिलावात फाइव्ह-जीसाठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ दिले गेले. मध्ये उरले अवघे ३० मेगाहर्ट्झ, आणि फाइव्ह-जीचा टॉवर बहुधा शेजारच्याच गच्चीवर. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण उत्साहाच्या भरात उलट लिहिलं जातं. एवढ्या अरुंद फटीत उतार घेणं एका पातळ पृष्ठभागाच्या आवाक्यातलं नाही. ते काम डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या, पोकळ्यांच्या रांगेनं बनलेल्या वेव्हगाइड फिल्टरचं आहे. निवडक पृष्ठभाग दूरचे पट्टे वेगळे करण्यात वाकबगार आहे, चिकटलेले पट्टे वेगळे करण्यात नाही. कोणतं काम कोणाकडे द्यायचं हे ओळखणं हा अभियांत्रिकीचा अर्धा भाग आहे, आणि तरुण सहकाऱ्यांनी आपल्या संस्थेच्या जुन्या कामातून शिकावं असं मला सर्वांत जास्त वाटतं ते हेच.

पुढचा टप्पा बदलत्या पृष्ठभागांचा आहे. प्रत्येक कडीत एक छोटा डायोड बसवला आणि त्यावरचा विद्युतदाब बदलला, की अनुनाद सरकतो. कारखान्यात ठरलेला पट्टा वापरताना बदलता येतो. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘भारत ६-जी’चं दृष्टिपत्र जाहीर केलं. सिक्स-जीवर जगभर जी चर्चा चालू आहे, तिच्यात इमारतीच्या भिंतीवर बसून लहर हव्या त्या दिशेला वळवणारे पृष्ठभाग येतात. ते याच कुळातले. मात्र डायोड आला की आतापर्यंत नसलेल्या अडचणी येतात. हजार कड्यांना हजार डायोड, त्यांना दाब पोहोचवणाऱ्या तारा, आणि त्या तारा स्वतःच लहरीला दिसतात. डायोड ऊर्जा खातो, जोरदार सिग्नल आला तर स्वतः नवी वारंवारता निर्माण करतो, आणि अवकाशातल्या प्रारणात तो किती वर्षं टिकेल हे चाचणीवाचून सांगता येत नाही. तिरक्या कोनाला स्थिर राहणारा, केए पट्ट्यात चालणारा, अर्ध्या डेसिबलच्या आत हानी ठेवणारा आणि दाब बदलला की पट्टा बदलणारा पृष्ठभाग अजून सोपा झालेला नाही. चेंबर, एचिंगची सोय आणि मोजायला बसलेली माणसं पवईत आहेत, त्यामुळे हे काम इथेच व्हायला हवं.